अंगणात गवत नाही? तरीही कोंबड्या रमतील

घरामागे फरशीचं अंगण, त्यात चार वनराजा कोंबड्या. दाणापाणी वेळेवर, तरी एक दिवस एकीच्या पाठीवरची पिसं उपटलेली दिसतात. रक्त आलं असेल तर तिला आधी वेगळी ठेवा. बाकीच्या तिथेच टोचत राहतात. पिसवा-उवा तपासा. त्या नसतील तर बहुधा कारण एकच, रिकामपण! कोंबडीला दिवसभर उकरायला काहीतरी हवंच.

कोपऱ्यात भाताच्या तुसाचा 10-15 सेंटीमीटर जाड थर पसरा आणि मूठभर ज्वारी भांड्यात न देता त्यातच उधळा. ओला झालेला भाग लगेच काढा. जुन्या घमेल्यात कोरडी माती आणि लाकडाची चाळलेली गार राख ठेवा. कोंबड्यांची अंघोळ हीच!

मेथी-पालकाची जुडी नुसती टाकू नका, कोंबडीच्या मानेच्या उंचीवर घट्ट बांधा. बांधलेली पानं ती तोडून खाते. सुटे, लांब देठ मात्र अख्खे गिळते आणि ते गळ्याच्या पिशवीत अडकतात. बांधायला वेळ नसेल तर भाजी बारीक चिरा. आणि हो, वाटीभर बारीक खडे ठेवाच. कोंबडीला दात नाहीत, दाणे दळले जातात ते पोटातल्या खड्यांनी. फरशीवर ते तिला कुठून मिळणार?