फुटबॉलच्या निकालांतील योगायोगाचे स्थान : एक विश्लेषण

प्रस्तावना

सामन्याचा निकाल हा गुणवत्तेचा अंतिम पुरावा आहे, असे मानण्याची सवय क्रीडाक्षेत्रात सर्वत्र आढळते. जिंकला तो श्रेष्ठ आणि हरला तो कनिष्ठ, हे समीकरण सोपे असल्याने ते सहज स्वीकारलेही जाते. फुटबॉलच्या बाबतीत मात्र हे समीकरण वारंवार फसते. बलाढ्य संघ दुबळ्या संघाकडून पराभूत होतो. वृत्तपत्रे त्याला ‘धक्कादायक निकाल’ म्हणतात. पराभूत संघाचे समर्थक नशिबाला बोल लावतात, तर विजयी संघाचे समर्थक जिद्दीचे गुणगान करतात. या दोन्ही प्रतिक्रियांमध्ये निकालामागील खरे कारण दुर्लक्षित राहते. फुटबॉलमध्ये अनपेक्षित निकाल का लागतात, त्यांत योगायोगाचा वाटा किती असतो आणि त्यावरून खेळाडू, प्रशिक्षक व संघ यांचे मूल्यमापन कसे करावे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

योगायोग : संकल्पनेची निश्चिती

येथे ‘योगायोग’ हा शब्द दैव किंवा प्रारब्ध या अर्थाने वापरलेला नाही. खेळाडूंच्या कौशल्यावर किंवा प्रयत्नांवर ज्यांचे पूर्ण नियंत्रण नसते, अशा घटकांचा एकत्रित परिणाम म्हणजे योगायोग. गोलखांबाला लागून चेंडू आत जातो की बाहेर, बचावपटूच्या पायाला लागून त्याची दिशा कशी बदलते, पंचाची दृष्टी नेमक्या क्षणी कोठे असते, या बाबी त्यात येतात. कौशल्य आणि योगायोग हे परस्परांचे विरोधी नाहीत. कौशल्य गोलाची शक्यता वाढवते. ती शक्यता त्या दिवशी प्रत्यक्षात उतरते की नाही, हे बऱ्याच अंशी योगायोगावर अवलंबून असते.

गोलांची दुर्मीळता

फुटबॉलचे वेगळेपण त्याच्या गुणसंख्येत आहे. २०१० च्या विश्वचषकात ६४ सामन्यांत १४५ आणि २०२२ च्या विश्वचषकात तितक्याच सामन्यांत १७२ गोल झाले. म्हणजे दोन्ही संघ मिळून एका सामन्यात सरासरी दोन ते तीन गोल. चार्ल्स रीप आणि बर्नार्ड बेंजामिन यांनी १९६८ मध्ये ब्रिटनमधील रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, साधारणतः दहा फटक्यांमागे एक गोल होतो, असे दिसून आले. या खेळावर योगायोगाचे वर्चस्व असल्याचा निष्कर्ष त्यांनी काढला. त्यानंतर १९७४ मध्ये आय. डी. हिल यांनी या प्रश्नाची दुसरी बाजू मांडली. मोसमापूर्वी जाणकारांनी वर्तविलेले क्रम आणि मोसमाअखेरची प्रत्यक्ष गुणतालिका यांत लक्षणीय सहसंबंध असल्याचे त्यांनी दाखविले. निकाल केवळ योगायोगाने लागत असते, तर असे भाकीत शक्यच झाले नसते.

वरवर पाहता हे दोन निष्कर्ष परस्परविरोधी वाटतात. वस्तुतः ते परस्परपूरक आहेत. पहिला निष्कर्ष एका सामन्याविषयी अधिक खरा आहे, तर दुसरा संपूर्ण मोसमाविषयी.

संभाव्यतेचा हिशेब

एखाद्या सामन्यातील गोलांची संख्या पॉयसन वितरणाशी बरीचशी जुळते, हे संख्याशास्त्रज्ञांना विसाव्या शतकाच्या मध्यापासून ज्ञात आहे. त्याच्या आधारे एक उदाहरण पाहू. अ संघ सरासरी १.८ गोल आणि ब संघ ०.९ गोल करू शकतो, असे गृहीत धरू. अ संघ दुप्पट प्रभावी आहे. तरीही गणित केल्यास अ संघाच्या विजयाची शक्यता सुमारे ५९ टक्के, बरोबरीची २३ टक्के आणि ब संघाच्या विजयाची १८ टक्के येते. म्हणजेच दुप्पट सामर्थ्याचा संघ दहापैकी चार सामने जिंकू शकत नाही.

आता हेच प्रमाण कायम ठेवून गुणसंख्या दहापट करू; अ संघाचे सरासरी १८ आणि ब संघाचे ९ गुण. अशा खेळात ब संघाच्या विजयाची शक्यता जेमतेम ३ टक्के उरते. संघांच्या सामर्थ्याचे प्रमाण तेच, फरक केवळ गुण मिळविण्याच्या संधींचा. ज्या खेळांत गुण वारंवार मिळतात, त्यांत लहानमोठे योगायोग एकमेकांना छेद देतात. फुटबॉलमध्ये तशी संधी मिळण्यापूर्वीच अंतिम शिट्टी वाजते.

बेन-नैम, वाझक्वेझ आणि रेडनर यांनी २००६ मध्ये विविध खेळांच्या प्रदीर्घ नोंदींची तुलना केली. मोसमातील तोवरची कामगिरी कमी असलेल्या संघाने सामना जिंकण्याचे प्रमाण, बरोबरी अर्धा विजय धरून, इंग्लिश फुटबॉलमध्ये सुमारे ४५ टक्के, तर अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये सुमारे ३६ टक्के आढळले. वरील गणिताशी हे निरीक्षण सुसंगत आहे.

अनपेक्षित निकाल : निवडक उदाहरणे

१९५० च्या विश्वचषकात ब्राझीलमधील बेलो होरिझोंते येथे अमेरिकेने इंग्लंडला १-० असे हरविले. अमेरिकेचे बहुतेक खेळाडू नोकरी-व्यवसाय सांभाळून खेळणारे होते. शिक्षक असलेल्या वॉल्टर बार यांनी मारलेला चेंडू जो गेटजेन्स यांच्या डोक्याला लागून जाळ्यात गेला आणि तोच सामन्यातील एकमेव गोल ठरला. १९६६ मध्ये उत्तर कोरियाने इटलीला आणि २००२ मध्ये सेनेगलने तत्कालीन विश्वविजेत्या फ्रान्सला हरविले. या सामन्यांचाही निकाल १-० असाच होता.

तथापि, प्रत्येक धक्कादायक निकाल हा केवळ योगायोग नसतो. २००४ च्या युरोपीय स्पर्धेत ग्रीसने उपांत्यपूर्व, उपांत्य आणि अंतिम असे तिन्ही सामने १-० ने जिंकून विजेतेपद मिळविले. ओटो रेहागेल यांच्या मार्गदर्शनाखालील हा संघ बचावावर भर देऊन सामन्यातील गोलांची संख्याच कमी करीत असे. या डावपेचाचा लाभ गणितानेही स्पष्ट होतो. वरील उदाहरणात दोन्ही संघांची गोल-सरासरी निम्मी केली, तर बरोबरीची शक्यता २३ वरून सुमारे ३८ टक्क्यांवर जाते. बरोबरीनंतर दोन्ही संघांना समान संधी मिळते असे मानल्यास, ब संघाची पुढील फेरीत जाण्याची शक्यता ३० वरून सुमारे ३६ टक्के होते. योगायोगाला अधिक वाव मिळेल असा खेळ जाणीवपूर्वक रचणे, हेही दुबळ्या संघाचे कौशल्यच होय.

२०२२ च्या विश्वचषकातील सौदी अरेबियाचा अर्जेंटिनावरील २-१ असा विजय याच प्रकारचा आहे. त्यापूर्वीचे ३६ सामने अपराजित राहिलेल्या अर्जेंटिनाचे पूर्वार्धातील तीन गोल ऑफसाइडमुळे रद्द झाले. त्यांपैकी काही निर्णयांत अंतर अत्यंत अल्प होते, हा योगायोग. परंतु बचावफळी पुढे आणून ऑफसाइडचा सापळा रचणे ही पूर्वनियोजित योजना होती.

स्पर्धेची पद्धत आणि योगायोग

अर्जेंटिनाने पुढे तोच विश्वचषक जिंकला. २०१० मध्ये स्पेननेही पहिला सामना स्वित्झर्लंडविरुद्ध ०-१ असा गमावून अखेरीस विजेतेपद मिळविले होते. प्राथमिक फेरी साखळी पद्धतीची असल्यामुळेच हे शक्य झाले. बाद पद्धत असती, तर दोन्ही विजेते पहिल्याच दिवशी घरी परतले असते. योगायोगाचे टोकाचे उदाहरण १९६८ च्या युरोपीय स्पर्धेत सापडते. इटली आणि सोव्हिएत संघ यांच्यातील उपांत्य सामना बरोबरीत सुटला आणि निर्णय नाणेफेकीने झाला. नाणेफेक जिंकलेला इटली पुढे विजेता ठरला.

दीर्घ साखळी स्पर्धेतही योगायोग पूर्णतः नाहीसा होत नाही. २०१५-१६ मध्ये लेस्टर सिटीने ३८ सामन्यांत ८१ गुण मिळवून इंग्लिश प्रीमियर लीग जिंकली. मोसमापूर्वी सट्टेबाजांनी त्यांना ५००० ला १ असा भाव दिला होता. भारतात २०१६-१७ ची आय-लीग ऐझॉल एफसीने मोहन बागानपेक्षा अवघा एक गुण अधिक मिळवून जिंकली. आदल्या मोसमात हा संघ खालच्या श्रेणीत ढकलला गेला होता; गोव्यातील साळगावकर आणि स्पोर्टिंग या क्लबांनी माघार घेतल्यामुळे त्याला पुन्हा स्थान मिळाले. ही संधी योगायोगाने लाभली. मात्र प्रशिक्षक खालिद जमील यांच्या संघाने १८ सामन्यांत मिळविलेल्या ३७ गुणांना योगायोग म्हणता येणार नाही.

निकाल आणि मूल्यमापन

फ्रान्सिस गाल्टन यांनी एकोणिसाव्या शतकात मांडलेले सरासरीकडे परतण्याचे तत्त्व येथे महत्त्वाचे ठरते. असामान्य यशात गुणवत्तेसोबत अनुकूल योगायोगही असतो. तो पुढच्या वेळी तितकाच अनुकूल असेलच असे नाही. लेस्टर सिटी पुढील मोसमात बाराव्या स्थानी राहिला आणि विजेतेपदानंतर दहा महिन्यांच्या आतच प्रशिक्षक क्लॉडिओ रानिएरी यांना पदावरून दूर करण्यात आले. त्या मोसमातील घसरणीचा काही भाग अपेक्षितच होता, हे या तत्त्वाच्या आधारे म्हणता येते. सलग पराभवांनंतर प्रशिक्षक बदलला आणि कामगिरी सुधारली, तर श्रेय नव्या प्रशिक्षकास मिळते. पुष्कळदा ती सुधारणा तशीही झालीच असती.

यावर उपाय म्हणून अलीकडे ‘अपेक्षित गोल’ ही संकल्पना वापरली जाते. अंतर, कोन इत्यादी बाबी लक्षात घेऊन प्रत्येक फटक्याची गोल होण्याची शक्यता काढतात आणि त्यांची बेरीज करतात. एका सामन्यात दहा फटके होत असतील, तर गोल एखादाच होतो. साहजिकच, फटक्यांचा दर्जा हा गोलसंख्येपेक्षा अधिक स्थिर पुरावा ठरतो.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, फुटबॉलमधील एक निकाल हा गुणवत्तेचा पुरावा असतो, परंतु तो दुर्बल पुरावा असतो. महाविद्यालयीन क्रीडाक्षेत्रासाठी हा मुद्दा निव्वळ सैद्धांतिक नाही. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा वेळ आणि निधी यांच्या मर्यादेमुळे अनेकदा बाद पद्धतीने घ्याव्या लागतात. वर्षभर सराव केलेला संघ एका गोलाने बाहेर पडतो आणि त्या एका गोलावर खेळाडूंची निवड, क्रीडा संचालकांचे श्रेय आणि पुढील वर्षीची तरतूद ठरू लागते. वेळापत्रकात शक्य असेल तेथे प्राथमिक फेरी लहान गटांत साखळी पद्धतीने घेणे, खेळाडूंची निवड एकाहून अधिक सामन्यांच्या निरीक्षणावरून करणे आणि निकालासोबत गोलच्या संधींची साधी नोंद ठेवणे, हे तीन उपाय अल्प खर्चात करण्याजोगे आहेत. योगायोग खेळातून काढून टाकता येणार नाही आणि तो काढूही नये; त्याच्यामुळेच दुबळा संघ आशेने मैदानात उतरतो. मात्र मैदानाबाहेर निर्णय घेणाऱ्यांनी योगायोगाला गुणवत्ता समजू नये आणि एका दिवसाच्या अपयशाला अपात्रता ठरवू नये, इतकी अपेक्षा निश्चितच करता येते.