डफावरची थाप बंदीला पुरून उरली

आष्टा ज्या वाळवा तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातले वाटेगाव. तेथील मांगवाड्यात १ ऑगस्ट १९२० रोजी जन्मलेला तुकाराम भाऊराव साठे आईबापांबरोबर पायी मुंबई गाठतो, गिरणीत राबतो, आणि अमर शेख व द. ना. गव्हाणकर यांच्यासोबत १९४४ साली लाल बावटा कलापथक उभे करतो. एक मातंग, एक मुसलमान आणि त्यांचे सोबती! या पथकाकडे ना नाट्यगृह होते, ना पैसेवाला पाठीराखा. डफ, तुणतुणे, ढोलकी आणि छातीतला दम एवढेच भांडवल. तरीही मुंबई सरकारला त्याची धास्ती वाटली आणि मोरारजी देसाईंच्या काळात त्याच्यावर बंदी आली. तमाशावर बंदी, तर आमचे हे 'लोकनाट्य', असे म्हणत अण्णाभाऊ पुन्हा उभे राहिले.

अमेरिकेत 'हार्डकोर पंक' नावाचे संगीत आहे. छोटी गाणी, कर्कश आवाज, सत्तेला थेट शिवी. वॉशिंग्टनमध्ये 'बॅड ब्रेन्स' या कृष्णवर्णीय तरुणांच्या बँडने ही वाट मळली. तिथलाच 'मायनर थ्रेट' हा बँड १९८० ते १९८३ एवढाच जगला, पण आजही त्याला ऐकणारे आहेत. आपल्या शिकलेल्या पोरांना हे ठाऊक असते. भीमराव कर्डक मात्र ठाऊक नसतात!

कर्डकांनी १९३० च्या दशकात बाबासाहेबांचा विचार जलशातून वस्तीवस्तीत नेला आणि त्या साऱ्या खटाटोपाचा इतिहास स्वतःच लिहून ठेवला. जलशाने आधी गणपतीला रजा दिली. अण्णाभाऊंनीही गणातून देव काढला, मातृभूमीला आणि राबणाऱ्यांना वंदन ठेवले, गवळण वगळली. साचा जुना, माल नवा. चाल लोकांच्या ओठावरची असल्याने शब्द एका रात्रीत पाठ होत. झीलकरी चार असले तरी झील अख्खी वस्ती धरी. अशा गाण्याला तुरुंगात कसे घालणार? शाहिराला घालता येते, गाणे बाहेरच राहते.

अण्णाभाऊ कम्युनिस्ट होते म्हणून आपल्यातले काहीजण अजून नाक मुरडतात. त्यांनी एवढेच आठवावे, की १९५८ च्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन त्यांनी केले आणि 'फकिरा' ही कादंबरी बाबासाहेबांना अर्पण केली. अमर शेखांची कन्या मल्लिका पुढे दलित पँथरच्या नामदेव ढसाळांची सहचारिणी झाली. लाल आणि निळ्याचे भांडण सभागृहातले. वस्तीत दोघांचा डफ एकच होता.

बंदीची रीत मात्र सरकार बदलले तरी बदलली नाही. जुलै १९९७ मध्ये घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांनी दहा जणांना गोळ्या घातल्या. ते सहन न होऊन शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. २००२ साली पुण्यात उभ्या राहिलेल्या कबीर कला मंचाच्या शीतल साठे आणि सचिन माळी यांना २०१३ साली अटक झाली. माळींना जामिनासाठी २०१७ उजाडले. सप्टेंबर २०२० मध्ये मंचाचे आणखी तिघे एल्गार परिषद प्रकरणात आत गेले आणि त्यांची वर्षे कोठडीत गेली. एवढ्या कडक कायद्याची गरज गाण्यासाठी पडते, यातच गाण्याचे वजन कळते.

आणि आपण काय करतो? जयंतीला ट्रकवर भिंतीएवढे डीजे लावतो. आवाज इतका मोठा, की शब्द ऐकूच येत नाही. शब्द नसलेल्या आवाजावर कोणते सरकार बंदी घालील? घातली तर डेसिबलसाठी घालील, विचारासाठी नव्हे. वामनदादा कर्डक २००४ साली गेले, तेव्हा मोठमोठे हार आले. ते हयात असताना गावोगावच्या शाहिरांना एस.टी.चे भाडे तरी वेळेवर मिळाले काय?

येत्या १ ऑगस्टला वाटेगावच्या आसपासच्या, आष्ट्याच्याही मंडळांनी एक करावे. वर्गणीतले डीजेला किती दिले आणि शाहिराला किती, हे दोन आकडे मांडवाच्या फलकावर शेजारी शेजारी लिहावेत.