स्वमग्न मुलें वाढलीं कीं व्याख्या वाढली?

स्वमग्नतेविषयीं वर्तमानपत्रांत येणारे आंकडे वाचून पुष्कळ आईबाप धास्तावतात. अमेरिकेच्या सरकारी पाहणींत इ. स. २००० सालीं आठ वर्षांच्या दर १५० मुलांमागें एक मूल स्वमग्न आढळलें. २०२२ सालीं दर ३१ मुलांमागें एक आढळलें. हें संकट खरोखरीच एवढें वाढलें काय?

१९४३ सालीं बाल्टिमोर येथील डॉक्टर लिओ कॅनर यांनीं ११ मुलांचें वर्णन प्रसिद्ध केलें. तीं मुलें माणसांत असूनहि एकटीं असत व नित्यक्रमांत थोडा फरक पडला तरी कासावीस होत. ह्या अरुंद व्याख्येस धरून १९६६ सालीं इंग्लंडांतील मिडलसेक्स परगण्यांतील गणती प्रसिद्ध झाली, तेव्हां दहा हजारांत चार-पांचच मुलें आढळलीं. पुढें १९७९ सालीं लोर्ना विंग व ज्युडिथ गूल्ड ह्या विदुषींनीं लंडनच्या कँबरवेल भागांतील पाहणी प्रसिद्ध केली. कॅनरच्या वर्णनांत नीट न बसणारीं, परंतु तशाच अडचणी सोसणारीं आणखी पुष्कळ मुलें त्यांस दिसलीं. १९९४ सालीं अमेरिकन मनोवैद्यांच्या ग्रंथांत सौम्य प्रकारास जागा मिळाली आणि २०१३ सालीं सर्व प्रकार एकाच नांवाखालीं आले.

चाळणीचीं छिद्रें मोठीं केलीं म्हणजे खालीं अधिक धान्य पडतें. तेवढ्यावरून शेतांत पीक वाढलें असें कोणी शेतकरी म्हणत नाहीं. डेन्मार्कमधील मुलांविषयीं २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत सुमारें ६० टक्के वाढ व्याख्या व नोंदणीची पद्धत बदलल्यामुळें झाल्याचें दिसलें. उरलेल्या वाढीचीं कारणें विद्वान् अद्यापि शोधीत आहेत; मात्र लस टोंचल्यानें स्वमग्नता येते ही समजूत अनेक पाहण्यांत खोटी ठरली आहे.

व्याख्या विस्तारणें इष्ट कीं अनिष्ट, ह्याविषयीं दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, नांव मिळालें म्हणजे साह्य मिळतें. दुसरा म्हणतो, जन्मभर एक शब्दहि न बोलणारें मूल आणि पदवी घेऊन नोकरी करणारा तरुण यांस एकच नांव दिल्यास पहिल्याची गरज झांकली जाते. आमच्या मतें दोघांच्याहि म्हणण्यांत तथ्य आहे.

आम्ही मात्र पहिल्या पक्षाचें ऋण विसरूं शकत नाहीं. पुष्कळ वर्षांपूर्वीं आमच्या वर्गांत एक मुलगा होता. तो कोणाच्या नजरेस नजर देत नसे; बसण्याची जागा बदलली कीं रडे; परंतु हजेरीपटांतील सर्व नांवें त्यास क्रमानें तोंडपाठ होतीं. आम्हीं त्यास हट्टी ठरवून कितीदां तरी वर्गाबाहेर उभें केलें. त्याच्या वागण्यास दुसरें नांव असूं शकेल, हें आम्हांस तेव्हां ठाऊक नव्हतें.

आतां ती सबब उरली नाहीं. २०१६ च्या कायद्यानें आपल्या देशांतहि स्वमग्नतेची गणना अपंगत्वांत झाली आहे. यास्तव पालकांनीं आंकड्यांस भिऊं नये आणि शंका आल्यास लाजेनें ती लपवूंहि नये. मुलास जाणत्या डॉक्टरांकडे न्यावें, आणि नांव कोणतेंहि निघो, त्याला नेमकें कोणतें साह्य हवें तें विचारावें. विद्यार्थ्यांनो, खेळांत न मिसळणाऱ्या सोबत्यास वेडा म्हणूं नका. त्याची नेहमींची जागा त्याच्यासाठीं राखून ठेवा. एवढें तर तुम्हांस आजच करतां येईल.