पाणी आपले, पण मालकीचे नाही

रमजानमध्ये मुरुडच्या मशिदींत वजूच्या नळांवर, म्हणजे नमाजपूर्वी हातपाय-तोंड धुण्याच्या जागी, एरवीपेक्षा जास्त गर्दी असते. हे पाणी डोंगराचे देणे आहे. नवाबी काळापासून गावाची तहान भागवण्यात गारंबीच्या धरणाचा मोठा वाटा आहे, आणि डोंगरात पाणी मुरते ते रानामुळे.

जवळचे फणसाडचे रान पूर्वी जंजिऱ्याच्या नवाबांचे शिकारीचे राखीव रान होते. इतरांना मज्जाव, म्हणून झाडे उभी राहिली. 1948 मध्ये संस्थान विलीन झाले, 1986 मध्ये फणसाड अभयारण्य झाले. आज तिथे शेकरू नांदते.

रान राखले गेले, पण भावना मालकीची होती. कोकणातल्या देवरायांत ती वेगळी आहे. रान देवाचे, म्हणून तिथली वाळकी काटकीही घरी न्यायची नाही. कोळी बांधव नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहून मगच होड्या लोटतात. तोवर ऐन पावसाळ्यात, मासळीच्या विणीच्या दिवसांत, समुद्राला उसंत मिळते.

इस्लामच्या दृष्टीने सृष्टी अल्लाहची आणि माणूस तिचा विश्वस्त. हाती आलेली प्रत्येक गोष्ट अमानत आहे, आणि अमानतीचा हिशेब द्यावा लागतो. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मदिनेभोवतीचा परिसर राखीव ठरवून तिथे वृक्षतोड आणि शिकार मना केली. ते स्वतः एक ‘मुद्द’, म्हणजे साधारण पाऊण लिटर पाण्यात वजू करीत. वाहत्या नदीकाठीही पाणी उधळू नये, अशी हदीसची शिकवण आहे.

आज नळ सोडून गप्पा मारत वजू करणाऱ्याला पाऊण लिटर पुरेल का? पाणीपट्टी भरली की पाणी आपले, ही समजूत नवाबी मालकीपेक्षा वेगळी नाही. फरक एवढाच, की नवाबाने निदान रान राखले.

रोजेदार दिवसभर स्वतःच्या माठातले हलाल पाणीही ओठाला लावत नाही. आपले असूनही हात आवरणे, हाच रोजाचा धडा आहे. देवराईचा आणि दर्याचा नेमही तेच सांगतो. मग इफ्तारनंतर तो धडा का विसरावा? नळाऐवजी तांब्या वापरावा, आणि वजूचे पाणी गटारात न सोडता मशिदीच्या आवारातल्या माडांच्या आळ्यांत वळवावे. एवढे तर कोणत्याही मोहल्ल्याला याच रमजानमध्ये जमेल.