सायकलच्या ब्रेकमध्ये हवा शिरते तेव्हा

पूर्वी सायकलचा ब्रेक म्हणजे दोन सळया आणि चार रबरं. रबर झिजलं की कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडे जायचं, दहा मिनिटांत काम व्हायचं. आता मुलांच्या सायकलींना चाकाच्या मधोमध चकचकीत पोलादी चकती असते, आणि जरा महागातल्या सायकलींत हँडलपासून त्या चकतीपर्यंत तेलाने भरलेली नळी जाते. हाच हायड्रॉलिक डिस्क ब्रेक. बोटाच्या दाबाने लागतो, पावसातही भरवशाचा. पण तो बिघडला की आमच्या राळेगणसिद्धीसारख्या गावात पंचाईत होते. एवढ्याशा कामासाठी सायकल टेम्पोत घालून शिरूरला किंवा नगरला (आता अहिल्यानगर) न्यायची का? शिवणयंत्र उघडून, साफ करून, पुन्हा जोडणाऱ्या गृहिणीला हे काम मुळीच अवघड नाही. सावकाशपणा मात्र हवा.

आधी एक गोष्ट पाहून घ्या. ब्रेकच्या मुठीतून बारीक पोलादी तार निघून चकतीजवळच्या दांडीला अडकवलेली दिसली, तर तो साधा तारेचा डिस्क ब्रेक. स्वस्तातल्या बहुतेक सायकलींना तोच असतो. त्याला तेल-बिल काही नसतं, तार ताणून घेतली की झालं. तार कुठेच दिसत नसेल, नळी दोन्ही टोकांना पक्की बंद असेल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी.

ह्या ब्रेकमध्ये चालतं तरी काय? शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात मुलं इंजेक्शनच्या सिरिंजांचा जेसीबी करतात, तो तुम्ही पाहिला असेल. दोन सिरिंजा, मध्ये नळी, आत पाणी. इकडचा दट्ट्या दाबला की तिकडचा वर येतो. पण नळीत हवेचा एक बुडबुडा राहिला, की जेसीबीचा हात लुळा पडतो. मी मराठी शिकवते, विज्ञान नाही. पण पास्कलचा नियम मला त्या जेसीबीनेच नीट समजावला. द्रव दबत नाही, हवा दबते. विहिरीवरच्या मोटारीने हवा धरली की ती नुसती गुणगुणते, पाणी चढत नाही, हे आपल्याकडच्या शेतकरणीला सांगायला नको. ब्रेकने हवा धरली की तसंच होतं. मूठ दाबली जाते, पण दाब चकतीपर्यंत पोहोचत नाही.

मोटारीने हवा धरली तर एक पाळी चुकते. ब्रेकचं तसं नाही. तो गेल्याचं कळतं ते उतारावरच, आणि तेव्हा सायकलवर आपलं लेकरू असतं. म्हणून आठवड्यातून एकदा, मूल शाळेला निघण्यापूर्वी, दोन्ही मुठी स्वतः दाबून पाहाव्यात. थोडी आत जाऊन ती घट्ट थांबली पाहिजे. पावासारखी मऊ लागली, हँडलला टेकली, किंवा दोन-तीनदा दाबल्यावरच घट्ट झाली, तर त्या दिवशी सायकल बाहेर काढू देऊ नये. रडारड होईल, होऊ द्या.

हवा शिरते कुठून? बरेचदा पंक्चर काढताना. सायकलवाला सवयीने सायकल उलटी करून सीटवर उभी करतो. मुठीजवळ तेलाची छोटी टाकी असते. तिच्यात थोडी हवा असली, तर सायकल उलटी होताच ती नळीत उतरते. अशा वेळी सायकल सरळ करून मूठ वीस-तीस वेळा दाबावी. तरी मऊच राहिली तर मूठ दाबलेल्या स्थितीत कापडी पट्टीने हँडलला बांधून रात्रभर ठेवावी, म्हणजे पुष्कळदा बुडबुडे वर टाकीत येतात. हा तात्पुरता इलाज झाला. दोन दिवसांत मूठ पुन्हा मऊ झाली तर हवा रीतसर काढायलाच हवी.

आता तेलाविषयी, आणि हा भाग घाईत वाचू नका. ब्रेकची तेलं दोन जातींची. शिमानो, टेक्ट्रो, मागुरा ह्यांच्या ब्रेकना खनिज तेल लागतं. स्रॅमच्या अनेक ब्रेकना मोटारसायकलच्या ब्रेकसारखं डॉट तेल लागतं, त्यांच्या काही नव्या ब्रेकना मात्र खनिज तेलच. कोणतं घालायचं ते बहुधा टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असतं, नाहीतर कंपनीच्या माहितीपत्रकात. एकाच्या जागी दुसरं घातलं, तर आतली रबरी वायसरं फुगून निकामी होतात आणि सगळा ब्रेकच बदलावा लागतो. घरातल्या पुरुषमाणसांना ‘गाडीचं तेल आहे की घरात’ असा सल्ला द्यायची फार हौस असते, तो इथे ऐकू नये. खोबरेल आणि शिलाई यंत्राचं तेल तर नकोच नको. डॉट तेल हवेतली ओल शोषून घेतं, म्हणून ते वर्षा-दीड वर्षाने बदलावं आणि फोडलेली बाटली पुढच्या वर्षासाठी ठेवू नये. ते रंगही खातं. सायकलवर सांडलं तर लगेच पाण्याने धुवावं.

हवा काढायची रीत शिमानोच्या पद्धतीची सांगते, कारण तीच मी करते. तिचं तयार किट मिळतं, त्यात नरसाळं, सिरिंज, नळी आणि प्लॅस्टिकचा ठोकळा असतो. आधी चाक काढा, मग दोन्ही पॅड काढून स्वच्छ कागदात गुंडाळून दुसऱ्या खोलीत ठेवा. पॅडच्या जागी तो ठोकळा बसवा. चाक किंवा ठोकळा जागेवर नसताना मूठ कधीही दाबू नये; आतले दट्टे बाहेर सरकतात. मूठ जमिनीला समांतर करा, तिच्यावरचा बारीक स्क्रू काढा आणि तिथे नरसाळं लावून थोडं तेल ओता. सिरिंजमध्ये तेल भरून, तिच्यातली हवा काढून, तिची नळी खालच्या तोंडावर घट्ट बसवा. पान्ह्याने ते तोंड अगदी पाव फिरकीहूनही कमी सैल करून तेल हळूहळू वर ढकला. नरसाळ्यात बुडबुडे येऊ लागतात. पोळीवरचे फोड पाहावेत तसे पाहात राहा. घाई करू नका. बुडबुडे थांबले की खालचं तोंड बंद करा.

आता सिरिंज काढून तिथे पिशवी बांधलेली नळी लावा, तोंड पुन्हा थोडं सैल करा आणि नरसाळ्यातलं तेल आपल्या वजनाने खाली उतरू द्या. नरसाळं रिकामं पडू द्यायचं नाही, नाहीतर हवा पुन्हा आत. उतरताना नळीवर बोटाने टिचक्या माराव्यात, चिकटलेले बुडबुडे सुटतात. तोंड बंद करून मूठ दहाएक वेळा हळू दाबा, थोडी पुढे-मागे कलती करून पुन्हा दाबा. ती घट्ट लागली की नरसाळं बुच लावून काढा आणि स्क्रू बसवा. सांडलेलं सगळं तेल पुसून मगच हात धुऊन पॅड आणि चाक जागेवर बसवायचं.

हात धुण्याचं मुद्दाम लिहिलं. चकतीला आणि पॅडला तेलाचा थेंबही चालत नाही. चकती औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने, नव्या फडक्याने पुसावी. पॅडने तेल प्यायलं तर ते टाकूनच द्यावं. काहीजण गॅसवर भाजून तेल जाळतात. तो धूर स्वयंपाकघरात नको आणि पॅडही पहिल्यासारखं होत नाही. आणि दसऱ्याला सायकल पुजताना तेलाचा हात, हळद-कुंकू हँडलला लावावं. चकतीला लावलं तर ब्रेक दुसऱ्या दिवशी किंचाळतो आणि धरतही नाही.

पॅडवरचा घर्षणाचा थर अर्धा मिलिमीटर उरण्याआधी पॅड बदलावं. शिमानोच्या चकतीची जाडी १.५ मिलिमीटरवर आली की चकतीही बदलावी. नवी पॅड बसवल्यावर ब्रेक लगेच पूर्ण धरत नाही. सपाट, मोकळ्या रस्त्यावर वेग घेऊन, चाक न अडकू देता, वीसएक वेळा हळूहळू ब्रेक लावावा. उतारावरून आल्या आल्या चकती तव्यासारखी तापलेली असते, तिला हात लावू नये. आणि फिरत्या चकतीच्या भोकांत लहान मुलाचं बोट जाऊ शकतं, म्हणून चाक फिरवून पाहताना धाकट्यांना अंगणातून आत पाठवावं.

उरलेलं काळं तेल मोरीत किंवा नाल्यात ओतू नका. आमच्या गावाने १९७५ नंतर नालाबांध घालून थेंब थेंब पाणी जमिनीत मुरवलं, तेच विहिरींत उतरतं. हे तेल झाकणाच्या डब्यात भरून गाड्यांच्या गॅरेजमध्ये द्यावं. तिथे जुनं तेल गोळा करतात. सरबताच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत मात्र ते एक रात्रही ठेवू नये. डब्यावर चिठ्ठी चिकटवावी आणि तेल बदलल्याची तारीख सायकलच्या दांडीवर, सीटखाली, कागदी चिकटपट्टीवर लिहून ठेवावी.