विवाहाचा अल्बम : तयारी मंडपाआधीची

विवाहसोहळा पार पडतो, पाहुणे परततात आणि काही महिन्यांनी जाडजूड अल्बम घरी येतो. सारे कुटुंब दिवाणखान्यात जमते. वधू-वरांच्या नाना मुद्रा, ड्रोनने टिपलेला मंडप, रोषणाई, पुष्पवर्षाव असे सर्व काही त्यात असते. मग कोणीतरी विचारते, "आजी कुठे आहेत?" शोधता शोधता एका कोपऱ्यात, कोणाच्या तरी फेट्याआड, त्यांचा अर्धा चेहरा सापडतो. हा अनुभव अनेक घरांचा आहे. छायाचित्रकार नामांकित असतो, मोबदलाही भरपूर दिलेला असतो. परंतु पुढे ज्या छायाचित्राची सर्वाधिक आठवण होणार असते, नेमके तेच घेतलेले नसते.

यात दोष केवळ छायाचित्रकाराचा नसतो. वधूची आजी कोणती, मायरा घेऊन आलेले मामा कोणते, लहानपणी तिला सांभाळणारी आत्या कोणती, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. पेढीवर यादीवाचून मालाची मागणी न नोंदवणारी कुटुंबे येथे मात्र "सगळे छान घ्या" एवढे सांगून मोकळी होतात.

यादी आणि वेळ

विवाहाच्या पंधरा दिवस आधी दोन्ही घरांनी एकत्र बसून कौटुंबिक गटांची यादी करावी. माणसे गोळा करण्यापासून छायाचित्र घेण्यापर्यंत एका गटाला दोन-तीन मिनिटे सहज लागतात. वीस गट असतील तर तास हवा, आणि तो तास कार्यक्रमपत्रिकेत आधीच राखलेला हवा. सर्वांत वयोवृद्ध व्यक्तींची छायाचित्रे प्रथम, त्यांना खुर्चीवर बसवून घ्यावीत; दिवस चढेल तसे त्यांना थकवा येतो. चेहरे ओळखणारी एकेक व्यक्ती दोन्ही बाजूंनी छायाचित्रकारासोबत नेमावी. हे काम वधू-वरांवर किंवा त्यांच्या आई-वडिलांवर टाकू नये.

उजेड आणि भोजन

चातुर्मास संपल्यानंतरच्या लग्नसराईत, डिसेंबर महिन्यात, पुण्या-मुंबईकडे सूर्य सायंकाळी सहाच्या सुमारास मावळतो. त्याआधीच्या तासाभराचा तिरपा, मऊ उजेड चेहऱ्यांना सर्वांत खुलवतो. जैन घरांतील सायंकाळच्या भोजनाची वेळही नेमकी हीच. छायाचित्रे लांबतात, सूर्य मावळतो आणि चौविहार पाळणारी वधू आपल्याच लग्नात उपाशी राहते. हे टाळायचे असेल तर वधू-वरांची स्वतंत्र छायाचित्रे चार वाजता सुरू करून पाचपर्यंत संपवावीत आणि त्यानंतर त्यांना कोणी हाक मारू नये.

भर दुपारच्या उन्हात डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात. अशा वेळी गट झाडाच्या किंवा ओसरीच्या सावलीत उभे करावेत. मंडपाचे लाल-पिवळे छत चेहऱ्यांवर आपला रंग टाकते, म्हणून छताला पांढरे किंवा फिकट कापड निवडावे. हस्तमिलापाच्या वेळी व्यासपीठावरील जांभळे-निळे दिवे बंद ठेवण्यास सजावटकाराला आधीच सांगावे. त्या प्रकाशाने बिघडलेला चेहऱ्याचा वर्ण नंतर संगणकावरही पूर्ववत करणे कठीण जाते.

विधींची मर्यादा

छायाचित्रकाराला जैन विधींचा परिचय असेलच असे नाही. विधींचा क्रम त्याला लिहून द्यावा आणि विधिकारांशी त्याची आधीच भेट घडवावी. फेरे चालू असताना "पुन्हा एकदा करा" असे कोणी म्हणू नये. विधी कॅमेऱ्यासाठी थांबत नाही, हे प्रारंभीच स्पष्ट असावे. मंदिरात जाताना चामड्याची पिशवी व पट्टे बाहेर ठेवावेत आणि गाभाऱ्याचे छायाचित्र परवानगीवाचून घेऊ नये. विजेचा वापर टाळणारे साधू-साध्वी अनेक आहेत; त्यांच्या दर्शनाच्या वेळी फ्लॅश वापरू नये आणि छायाचित्र घ्यायचे झाल्यास आधी अनुमती घ्यावी. फेऱ्यांच्या वेळी भ्रमणध्वनी उंचावून पुढे सरसावणाऱ्या आप्तांनाही आपल्या जागी बसून राहण्याची नम्र विनंती करावी.

करार आणि जतन

व्यवहार ओळखीतला असला तरी तो लेखी असावा. प्रत्यक्ष कोण येणार, किती तास थांबणार, किती छायाचित्रे मिळणार, मूळ फाइली मिळणार का आणि अल्बम कोणत्या तारखेस हाती येणार, हे त्यात नमूद असावे. स्वामित्वहक्क कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा प्रथम स्वामित्वहक्क ते काढवून घेणाऱ्याचा असतो. मात्र करारात वेगळे ठरले असल्यास तो करार लागू होतो. म्हणून स्वाक्षरीपूर्वी ते कलम वाचावे. आपली छायाचित्रे जाहिरातीसाठी किंवा समाजमाध्यमांवर वापरण्यास संमती आहे की नाही, हेही त्यातच लिहावे.

फाइली मिळाल्यावर तीन प्रती कराव्यात : एक संगणकात, दुसरी स्वतंत्र हार्ड डिस्कवर आणि तिसरी दुसऱ्या गावी, नातलगाच्या घरी किंवा क्लाउडवर. एकच पेन ड्राइव्ह कपाटात ठेवून निश्चिंत होणे म्हणजे विम्यावाचून गोदाम भरण्यासारखे आहे.

आणि निवडक छायाचित्रे कागदावर छापून घ्यावीत. आजोबांच्या पेटीतील कृष्णधवल छायाचित्रे आजही पाहता येतात, कारण ती कागदावर आहेत. तरीही त्यांतील कित्येक चेहरे आता ओळखू येत नाहीत, कारण मागे नावे लिहिलेली नाहीत. नव्या अल्बमच्या बाबतीत ही उणीव राहू नये. अल्बम घरी येईल त्या दिवशी आजींना शेजारी बसवून, त्यांना विचारत विचारत, प्रत्येक गटाखाली नाव, नाते आणि गाव लिहून घ्यावे. हे काम पुढच्या सुटीवर ढकलू नये.