दुव्यांची साक्ष



पुण्याहून पौडाच्या रस्त्यानें पश्चिमेस निघालें कीं भूगांव, पिरंगूट, पौड अशीं गांवें मागें पडत जातात आणि पुढें मुळशीचें धरण व ताम्हिणीचा घाट लागतो. या मुलखांत जमिनीचा एकादा तुकडा घ्यावा, त्यावर टुमदार घर बांधावें, असें शहरांतील पुष्कळ कुटुंबांच्या मनांत असतें. पूर्वीं असा विचार करणारा गृहस्थ ओळखीच्या माणसाकडे चौकशी करी. आतां तो घरीं बसून गूगलला विचारतो, आणि जें नांव सर्वांत वर येईल त्या पेढीस फोन करितो. तें नांव वर कां आलें, हें मात्र सहसा कोणी विचारीत नाहीं. आज आपण त्याच प्रश्नाचा विचार करूं. कारण या व्यवहारांत आयुष्यभराची शिल्लक गुंतलेली असते.

इंटरनेटवरील एका पानावरून दुसऱ्या पानाकडे जाण्याची जी वाट ठेवलेली असते, तिला दुवा किंवा लिंक म्हणतात. दुकानदारानें स्वतःच्या दारावर 'सर्वोत्तम माल' अशी पाटी लावली, तर तिला कोणी मोल देत नाहीं. परंतु पलीकडच्या आळींतील तिऱ्हाइतानें "तेथें जा" म्हणून सांगितलें, तर आपण त्या दुकानाची पायरी चढतों. दुव्याची गोष्ट अशीच आहे. दुसऱ्यानें आपण होऊन आपल्या पानावर तुमच्या संकेतस्थळाचा दुवा दिला, म्हणजे ती तुमच्या बाजूची एक साक्ष झाली.

या कल्पनेचें मूळ विद्वानांच्या जगांत आहे. यूजीन गारफील्ड या अमेरिकन पंडितानें १९६४ सालीं शास्त्रीय निबंधांची एक सूचि प्रसिद्ध केली. कोणत्या निबंधाचा आधार पुढें कोणकोणत्या लेखकांनीं घेतला, हें तिच्यावरून कळे. स्टॅनफर्ड विद्यापीठांतील लॅरी पेज व सर्जी ब्रिन या दोघां विद्यार्थ्यांनीं याच जातीचा हिशेब इंटरनेटच्या पानांना लावला आणि १९९८ सालीं गूगल कंपनी स्थापन केली. त्यांच्या हिशेबांत साक्षी नुसत्या मोजावयाच्या नसत, तोलावयाच्या असत. ज्या पानाकडे पुष्कळांनीं बोट दाखविलें आहे, त्या पानाच्या दुव्यास वजन अधिक. शिवाय हें वजन त्या पानावरून निघणाऱ्या सर्व दुव्यांत वांटलें जाई. चारच दुवे निघत असतील तर प्रत्येकाच्या वांट्यास चौथाई. शंभर निघत असतील तर शंभरावा हिस्सा. म्हणून शेंकडों नांवांची जंत्री देणाऱ्या पानावर आपलें नांव घालून घेण्यांत फारसें हांशील नव्हतें. आज गूगल इतरही अनेक गोष्टी पाहतें. तथापि दुव्याचें महत्त्व अजून सरलेलें नाहीं.

जेथें साक्षीला किंमत येते, तेथें पैसे घेऊन साक्ष देणारेही जमतात. दुवे विकण्याचा रीतसर धंदा सुरू झाला. फेब्रुवारी २०११ मध्यें 'न्यूयॉर्क टाइम्स'नें जे. सी. पेनी या अमेरिकेंतील मोठ्या दुकानाचें प्रकरण उजेडांत आणलें. ज्या पानांचा त्याच्या मालाशीं कांहीं संबंध नव्हता, अशा पानांवरही त्याचे दुवे पेरलेले आढळले. गूगलनें त्या दुकानास तत्काळ खालच्या जागीं ढकललें. एप्रिल २०१२ पासून 'पेंग्विन' नांवाच्या नव्या पद्धतीनें असे कृत्रिम दुवे हुडकण्यास आरंभ झाला, आणि २०१९ सालीं पैसे घेऊन दिलेल्या दुव्यावर तशी निराळी खूण करण्याची सोय झाली.

मग मुळशींत जमिनींचा व्यवहार करणाऱ्या प्रामाणिक पेढीनें काय करावें? दुसऱ्यास दाखवावेंसें वाटेल असें कांहीं तरी तिनें आपल्या पानावर ठेवावें. गांव नमुना सात म्हणजे हक्काची नोंद, बारा म्हणजे पिकांची, आणि सहा म्हणजे फेरफाराची, हें सोप्या भाषेंत समजावून द्यावें. शेतकरी नसलेल्या माणसास शेतजमीन घेण्याच्या आड १९४८ चा कुळकायदा कसा येतो, आणि १९४७ च्या तुकडेबंदीच्या कायद्यांत अलीकडे कोणते बदल झाले, तें सांगावें. कोणत्या गांवीं उन्हाळ्यांत पाणी कोठून येतें, ताम्हिणीकडच्या मुसळधार पावसांत कोणती वाट बंद पडते, हें लिहावें. याच खोऱ्यांत १९२१ सालीं टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापति बापटांच्या नेतृत्वाखालीं मावळ्यांनीं सत्याग्रह केला, तो इतिहासही द्यावा. अशा पानाकडे वकील, शिक्षक, वार्ताहर आणि डोंगर भटकणारी मंडळी आपण होऊन बोट दाखवितील. या कामास महिने लागतात. परंतु असे दुवे टिकतात.

येथें घेणाऱ्यानें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. दुव्यावरून पानाची प्रसिद्धि कळते. स्तुति व निंदा यांतील भेद नुसत्या मोजणीनें कळत नाहीं. मुळशी तालुक्यांतीलच लवासाचें उदाहरण घ्या. त्या नगरीची जितकी वाखाणणी झाली, तितकीच तिच्यावर टीकाही झाली. नोव्हेंबर २०१० मध्यें केंद्रीय पर्यावरण मंत्रालयानें काम थांबविण्याची नोटीस दिली, आणि ऑगस्ट २०१८ मध्यें ती उभारणाऱ्या कंपनीवर दिवाळखोरीच्या कायद्याखालीं कारवाई सुरू झाली. लिहिणारे दोन्ही बाजूंचे होते, आणि दोघांच्याही दुव्यांनीं नांवाचा बोलबालाच वाढतो.

म्हणून संकेतस्थळाकडे येणाऱ्या दुव्यांइतकेच तेथून बाहेर जाणारे दुवेही पाहावेत. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याप्रमाणें नोंदणी आवश्यक असलेल्या प्रकल्पाच्या जाहिरातींत नोंदणी क्रमांक व प्राधिकरणाच्या संकेतस्थळाचा पत्ता ठळकपणें द्यावा लागतो. महाराष्ट्रांत हें प्राधिकरण, म्हणजे महारेरा, मे २०१७ पासून काम करीत आहे. ५०० चौरस मीटरांहून मोठ्या जागेवर पाडलेले प्लॉटही या नोंदणींत येतात. तो क्रमांक महारेराच्या स्थळावर स्वतः घालून पाहावा. सातबारा विक्रेत्याच्या हातून न घेतां महसूल खात्याच्या 'महाभूमी' या स्थळावरून डिजिटल स्वाक्षरीचा काढावा, आणि वकिलास दाखवावा. येणारा दुवा लोक काय म्हणतात तें सांगतो. जाणारा दुवा सरकारी दप्तर काय म्हणतें तें दाखवितो. जी पेढी या दप्तराची वाट गिऱ्हाइकास आपण होऊन दाखविते, तिच्याशीं बोलणें करण्यास हरकत नाहीं. जी ती वाट झांकून ठेविते, तिचें नांव कितीही वर असो, तेथें इसाराची रक्कम देण्याची घाई करूं नये.